इंजिन काम निघालंय

“इंजिन काम निघालंय” हे वाक्य मिस्त्री कधीच गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून बोलत नाही. तो उघड्या बॉनेटकडे बघतो, आधीच पुसलेली बोटं फडक्याने पुन्हा पुसतो आणि पाना धरून उभ्या असलेल्या पोऱ्याला सांगितल्यासारखं ते वाक्य हवेत सोडून देतो. पोऱ्या मान हलवतो. आता दोन विरुद्ध एक झालेलं असतं.

ऐकणाऱ्याची गाडी मारुती ८०० असेल तर तो “किती?” विचारतो, आकडा ऐकतो, “शनिवारी द्या” म्हणतो आणि रिक्षा बघायला लागतो. अँबॅसिडरच्या काळात तर इंजिन काम ही बातमीसुद्धा नव्हती. ते १,४८९ सीसीचं ओतीव लोखंडाचं इंजिन दर काही वर्षांनी खोलायचंच असे. गल्लीतल्या लेथवर ब्लॉक नेला, वीस थाव बोअर मारला, ओव्हरसाइझ पिस्टन आणि नव्या रिंगा टाकल्या, की गाडी घाट चढायला मोकळी आणि घाटात तापायलाही मोकळी. पण गाडी एके काळी ५२ लाखांची असेल आणि आज तिला कोणी ४ लाखही देत नसेल, तर “किती?” विचारण्याआधी माणूस बसायला खुर्ची शोधतो. आमच्या साडूंनीही शोधली. गॅरेजमध्ये खुर्ची नव्हती, जुना टायर होता. त्यावर बसले.

गाडी जर्मन आहे. कंपनीचं नाव मी सांगत नाही. ते सांगण्याचा आनंद साडूंचा आहे आणि या गाडीपासून त्यांना मिळणारे आनंद हल्ली मोजकेच उरलेत. तसं ‘जर्मन’ म्हणताना आपण थोडी अतिशयोक्ती करतोच. १९९५ मध्ये टेल्कोच्या साथीने पुण्यात मर्सिडीज जोडायला सुरुवात झाली, पुढे तो कारखाना चाकणला गेला. ऑडी संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जोडली जाते, बीएमडब्ल्यू चेन्नईला. म्हणजे ज्या गाडीला आपण जर्मन म्हणून वळून बघतो तिचे नटबोल्ट आवळणारा हात बऱ्याचदा खेडचा नाहीतर पैठणचा असतो. हे मी साडूंना एकदा सांगितलं होतं. त्यांना आवडलं नाही. “जोडणं वेगळं, घडवणं वेगळं,” म्हणाले.

या गाड्यांच्या प्रवासाला एक ठरलेली वाट असते. नवी घेतो तो उद्योजक नाहीतर बिल्डर. वॉरंटी संपत आली की त्याला अचानक त्या गाडीचा रंग आवडेनासा होतो. मग ती डॉक्टरांकडे जाते. डॉक्टर ती हळू चालवतात, वेळेवर सर्व्हिसिंग करतात आणि पहिलं मोठं बिल आलं की लक्षणं ओळखून वेळीच रेफर करतात. तिसऱ्या खेपेला ती येते आमच्या साडूंसारख्या माणसाकडे. साडूंनी जन्मभर बँकेच्या कर्ज विभागात काढला. हजारो अर्जांवर “प्रस्ताव व्यवहार्य वाटत नाही” असा शेरा मारून ते निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतर वर्षभरात आयुष्यातला पहिला अव्यवहार्य प्रस्ताव त्यांनी स्वतःच मंजूर केला. गाडी दिल्लीची होती. दिल्लीत डिझेल गाडी दहा वर्षांची आणि पेट्रोल गाडी पंधरा वर्षांची झाली की तिने रस्त्यावरून नाहीसं व्हावं असा आदेश हरित लवादाने २०१५ मध्ये दिला होता. त्यावर पुढे कोर्टात बरंच काही झालं आणि होतंय. पण तेव्हापासून पंधराव्या वर्षाच्या दिशेने निघालेल्या तिथल्या दिमाखदार गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन दक्षिणेकडे सरकू लागल्या. त्यातली एक कोथरूडला येऊन थांबली. २००९ चं मॉडेल, पेट्रोल, सहा सिलिंडर, ९ लाख. “बावन्नची गाडी नऊला!” असं साडू तेव्हा म्हणाले होते. त्रेचाळीस लाख वाचवल्याचं तेज त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

इथेच ती गोम आहे. गाडी म्हातारी होते, तिचे सुटे भाग म्हातारे होत नाहीत. गाडीची किंमत ५२ वरून ४ लाखांवर येते, पण तिचा वॉटर पंप ५२ लाखांच्या गाडीचाच वॉटर पंप राहतो. उलट दर वर्षी त्याची किंमत थोडी वाढतेच. विमा कंपनीला हे फार आधी कळलेलं असतं. तिच्या तक्त्यात पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घसारा, वर्षाच्या आत १५, मग २०, ३०, ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. तिथे तक्ता संपतो. पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनीने आणि मालकाने परस्पर संमतीने ठरवायची असते. परस्पर संमतीने आपल्याकडे कायद्याने होणारी दुसरी ठळक गोष्ट म्हणजे घटस्फोट, आणि दोन्हीकडे कोणाला काय मिळालं हे बाहेर सांगण्यासारखं नसतं. शिवाय इंजिन झिजून गेलं तर विम्याचा संबंधच नाही. गाडी झाडावर आपटली तर कंपनी विचार करते. म्हातारपणाने गेली तर नाही.

इंजिन एका दिवसात गेलं नाही. आधी ते ऑइल पिऊ लागलं. साडूंनी गाडीची पुस्तिका काढून दाखवली. हजार किलोमीटरला पाऊण लिटरपर्यंत ऑइल खर्च होणं सर्वसामान्य समजावं, असं तिच्यात छापलेलं होतं. जर्मन माणूस काय छापेल सांगता येत नाही. हे जर आपल्या दुचाकीच्या बाबतीत कोणी म्हणालं असतं तर आपण त्याला दुकानातून बाहेर काढलं असतं. मग सकाळी सेल मारला की मागून निळा धूर येऊ लागला. धुराचं शास्त्र सोपं आहे. काळा धूर म्हणजे इंधन पुरतं जळत नाही, पांढरा आणि दाट म्हणजे कूलंट आत शिरतंय, निळा म्हणजे ऑइल जळतंय. पण हे शास्त्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरलं की त्याला फांद्या फुटतात. आमच्या साडूंच्या सोसायटीत रविवारी सकाळी त्या एक्झॉस्टभोवती पाच-सहा माणसं वाकून उभी असत. एकाला धूर निळा दिसे, एकाला राखाडी. एक निवृत्त प्राध्यापक “हा प्रकाशाचा भास आहे” म्हणत, कारण त्यांचा विषय भौतिकशास्त्र होता. तळमजल्यावरच्या काकू रंगाच्या वादात न पडता फक्त खिडक्या लावून घेत.

सातारचे मामा नेमके त्याच सुमारास मुक्कामाला होते. कोणीतरी म्हणालं, “हे सगळं त्या ई-ट्वेंटीमुळे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल घालतात, जुन्या गाड्यांना ते झेपत नाही.” यात थोडं तथ्य आहे. जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि इंधनाच्या नळ्या इतक्या इथेनॉलसाठी बनवलेल्या नव्हत्या, आणि ॲव्हरेजही थोडं पडतं. पण सिलिंडरच्या भिंती ओरबाडून निघण्याचं खापर त्याच्यावर फोडणं म्हणजे जरा जास्तच. मामा मात्र शास्त्रात शिरलेच नाहीत. ते साखर कारखान्याचे जुने सभासद. “आमच्या उसाला नावं ठेवायची नाहीत,” एवढं बोलून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्या सकाळपुरती इंजिनाची चर्चा मिटली.

मग मतं घेणं सुरू झालं. पहिलं मत एका अधिकृत सर्व्हिस सेंटरचं. तिथे वाट बघायला चामड्याचे सोफे होते आणि कॉफी तीन प्रकारची होती. साडूंनी तिन्ही घेतल्या, कारण पुढचा आकडा काय येणार याची त्यांना कल्पना होती. टाय लावलेला मुलगा फार अदबीने बोलत होता. इंजिन गेलं असं तो एकदाही म्हणाला नाही. त्याने टॅबवर चित्रं दाखवली, ‘लाँग ब्लॉक’ आणि ‘शॉर्ट ब्लॉक’ यांतला फरक समजावला आणि नव्या इंजिनाचा अंदाज १४ लाख अधिक कर असा दिला. साडू घरी आले ते हसत. आम्हाला वाटलं धक्का बसलाय. पण नाही. “सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांचा जीएसटी २८ वरून १८ झाला. १४ लाखांवर दहा टक्के म्हणजे १ लाख ४० हजार वाचले!”

“कुठे आहेत?” ताईंनी विचारलं.

ताई म्हणजे माझी थोरली मेव्हणी. त्या हिशेबाच्या वह्या ठेवत नाहीत, पण घरात कुठल्या वर्षी कशावर किती गेले हे त्यांना तोंडपाठ असतं. साडू ज्याला गुंतवणूक म्हणतात त्याला त्या ‘गेले’ म्हणतात.

दुसरं मत नाना पेठेच्या मागच्या अंगाला असलेल्या एका मिस्त्रींचं. त्यांनी अधिकृत सेंटरचा कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि परत दिला नाही. मग इंजिनात टोकाला कॅमेरा असलेली पातळ वायर घातली आणि सिलिंडरच्या आतल्या भिंती दाखवल्या. उभे ओरखडे. साडूंनी चष्मा बदलून बघितलं. “बोअर मारून टाका,” मी म्हणालो. मला अँबॅसिडरचं ज्ञान होतं. मिस्त्री माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले की मी तिथला दुसरा टायर शोधला.

या इंजिनांत लोखंडाचा ब्लॉक नसतोच, त्यांनी सांगितलं. ब्लॉक ॲल्युमिनियमचा. सिलिंडरच्या भिंतीवर सिलिकॉनचे बारीक कण उघडे पाडून कडक केलेला पृष्ठभाग, नाहीतर एखादा पातळ लेप. वजन कमी, घर्षण कमी, सगळं छान, फक्त तो थर खरवडला की गल्लीतल्या लेथवाल्याने तिथे हात लावायचा नाही. जी गोष्ट बनवताना इतकी हुशारी खर्च झाली तिच्या दुरुस्तीसाठी कोणी हुशारी शिल्लक ठेवली नव्हती.

तिसरा मार्ग जुनं इंजिन आणण्याचा. इथून साडूंच्या फोनवर एक वेगळाच भारत दिसू लागला. कुर्ला, दिल्लीतलं मायापुरी, चेन्नईतलं पुदुपेट, शिवाय शारजाहून येणारे ‘हाफ कट’, म्हणजे कापून आणलेला गाडीचा पुढचा अर्धा भाग. लाकडी फळीवर ठेवलेल्या इंजिनांचे फोटो यायचे, खाली मजकूर. प्रत्येक इंजिन तीस-पस्तीस हजार किलोमीटर चाललेलं. प्रत्येक इंजिनाची गाडी मागून ठोकलेली. या देशातल्या आलिशान गाड्यांना पुढून कधीच कोणी धडकत नाही, सगळे मागून येतात. आणि आधीचा मालक डॉक्टर. एवढे डॉक्टर मागून ठोकले जात असतील तर आपल्या आरोग्यव्यवस्थेचं काही खरं नाही. चेन्नईहून एक चांगलं इंजिन साडेतीन लाखांत येत होतं. मिस्त्रींनी फोटो बघून मान हलवली. “तिकडे २०१५ च्या पुरात अशा किती गाड्या गेल्या माहितीय ना? हे पोहून आलेलं असायचं.”

आणि जुनं इंजिन आणलं तरी ते नुसतं बसवून चालत नाही. संगणकाला कळवावं लागतं, त्याला किल्ली ओळखीची करून द्यावी लागते. नाहीतर गाडी आपल्याच नव्या इंजिनाला चोर समजून सुरू होत नाही. मग आरटीओ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने परस्पर करायचा नाही. इंजिनाचा नंबर आरसीवर असतो. तो बदलला की परवानगी, बिल, तपासणी, पेन्सिल घासून घेतलेला नंबराचा छाप. कायदा कडक आहे तो उगीच नाही. मेरठच्या सोतीगंजमध्ये चोरीच्या गाड्या कापून त्यांची इंजिनं देशभर जात होती, तो बाजार पोलिसांनी २०२१ मध्ये बंद केला. साडूंचे एक चुलतभाऊ कीर्तन करतात. ते म्हणाले, “आत्मा तोच, देह बदलतो, एवढंच ना?” मिस्त्री म्हणाले, “महाराज, इथे देह तोच, आत्मा बदलतोय. आणि आत्म्याचा नंबर आरसी बुकात असतो.”

चौथा मार्ग भंगाराचा. तो ताईंनी सुचवला. सरकारचं धोरण २०२१ पासून आहे. मान्यताप्राप्त केंद्रात गाडी मोडीत दिली तर नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के इतकी भंगार किंमत अपेक्षित धरली आहे, शिवाय प्रमाणपत्र मिळतं आणि नवी खाजगी गाडी घेताना रस्ताकरात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. साडूंनी चौकशी केली. पलीकडचा माणूस टक्केवारीत बोलायला तयार नव्हता, तो किलोत बोलत होता. “साहेब, वजन किती भरेल?” साडूंनी फोन ठेवला आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. अपमान किमतीचा नव्हता, मापाचा होता.

खरं सांगायचं तर साडूंची फाइल तोवर बघण्यासारखी झाली होती. डावीकडे नवं इंजिन, जुनं इंजिन, भंगार. उजवीकडे खर्च, जोखीम, शेरा. बँकेत तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या फायली अशाच बनवल्या होत्या. मी विचारलं, “तुमच्याकडे कोणी असा अर्ज आणला असता तर? ४ लाखांच्या मालमत्तेच्या दुरुस्तीसाठी १४ लाखांचं कर्ज?” साडू म्हणाले, “मी त्याला पाणी दिलं असतं.”

पण माणूस एकदा ठरवू लागला की त्याला पुरावे मिळतात. त्यांना ग्रीस मिळालं. थेस्सलोनिकीच्या ग्रेगोरिओस साकिनिदिस या टॅक्सीचालकाने १९७६ ची मर्सिडीज २४० डी ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयाला दिली. ही गोष्ट खरी आहे. “शेहेचाळीस लाख!” साडू म्हणाले. “आणि त्याने इंजिनं बदलली! एकदा नाही, अनेकदा! गाडी टिकवायची असेल तर इंजिन बदलावं लागतं, हे जगाने सिद्ध केलंय.”

“तो टॅक्सी चालवायचा,” ताई म्हणाल्या. “तुम्ही धुता.”

यावर कोणालाच काही सुचलं नाही, कारण ते खरं होतं. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, जर्मनीत श्टुटगार्टला असतो. मोटारींसाठी सॉफ्टवेअर लिहितो. स्वतः ट्रामने जातो. २०२३ मध्ये तिकडे सगळ्या देशभर चालणारा ४९ युरोंचा महिन्याचा पास निघाला तेव्हापासून त्याने गाडी घेण्याचा विषयच काढलेला नाही. पासाचे पैसे वाढले तरीही. व्हिडिओ कॉलवर त्याने फाइल ऐकून घेतली आणि विचारलं, “बाबा, गाडी वर्षाला किती चालते?”

साडू म्हणाले, “आवाज तुटतोय.”

आवाज तुटत नव्हता. गाडी वर्षाला चारशे किलोमीटर चालते. दर रविवारी ती सुरू करतात, नाहीतर बॅटरी उतरते. पंधरा मिनिटं जागेवर सुरू ठेवून मग सोसायटीला एक चक्कर. बाकी पुण्यात ही गाडी न्यायची कुठे? लक्ष्मी रोडवर उभी करायला जागा नाही, डेक्कनला आहे पण तिच्या लांबीची नाही. डॉक्टरकडे जायचं तर साडू वनाजहून मेट्रोने जातात, भाजीला पायी. एकदा नाट्यगृहाला गाडी घेऊन गेले होते. पार्किंग मिळालं तेव्हा मध्यंतर झालं होतं. परत आले तर सोसायटीतल्या त्यांच्या जागी कोणाचा तरी पाहुणा. तेव्हापासून ते गाडीपेक्षा जागाच जास्त जपतात. साध्या गणिताने नवं इंजिन घातलं तर दहा वर्षांत किलोमीटरला साडेतीनशे रुपये नुसते इंजिनाचे. त्या पैशात दर वेळी माणूस विमानतळाची टॅक्सी करून दूध आणायला जाईल. १५ वर्षं उलटल्यावर पुन्हा नोंदणी करायला २०२२ पासून ६०० ऐवजी ५,००० रुपये लागतात आणि वर पर्यावरण कर, तो त्यांनी मागच्या वर्षी हसत भरला. चालवण्याच्या नव्हे, उभं राहण्याच्या परवान्यासाठी.

तर मग उभं राहायला इंजिन कशाला, हा ताईंचा सवाल. आणि मला वाटतं सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे. उभ्या गाडीत इंजिन आहे की नाही हे बाहेरून कोणालाच दिसत नाही, पण मालकाला रात्री माहीत असतं. चालू गाडी उभी ठेवणारा माणूस ती आज काढायची नाही असं ठरवतो. बंद गाडीच्या मालकाला ठरवण्यासारखं काही उरत नाही. साडूंना पैसे खर्चून परत मिळवायचा होता तो न जाण्याचा अधिकार. बँकेच्या कुठल्याही शेऱ्यात हे बसत नाही, आणि म्हणून त्यांच्या फाइलीत त्यासाठी रकाना नव्हता.

शिवाय नातलगांचा दबाव होता, जो वाटतो तितका साधा नाही. घराण्यातल्या निम्म्या लग्नांत नवरदेव याच गाडीतून आलेत. झेंडूच्या माळा लावलेली ती अल्बमांत दिसते, वरातीपुढे ती हळू चालते म्हणून तेव्हा कोणाला तिचा धूर कळत नाही, फटाक्यांचा वाटतो. डिसेंबरात पुतणीचं लग्न ठरलं होतं. “काका, गाडी असेलच ना?” असे फोन येत होते. इंजिनाला एक रुपया देण्याची कोणाची तयारी नव्हती, पण गाडी मोडीत काढण्याला सगळ्यांचा तत्त्वतः विरोध होता.

शेवटी वाट कोल्हापूरने दाखवली. मिस्त्री म्हणाले, “शिरोलीला एक जण आहे. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये नवे लायनर घालून देतो. बाकी रिंग-पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट मी बांधतो.” कोल्हापूरला ओतकामाचं आणि इंजिनाचं ज्ञान मुरलेलं आहे. शेतकऱ्यांच्या विहिरींवर फटफटणारी ऑइल इंजिनं तिथे बनत आलीत, आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांतून मोठ्या मोठ्या कंपन्यांचं कास्टिंग जातं. साडूंना हे एकदम पटलं. ब्लॉक तोच, म्हणून इंजिनाचा नंबर तोच, म्हणून आरटीओ नाही, संगणकाला नवी ओळख करून द्यायला नको. खर्च अडीच लाख. गाडीच्या किमतीपेक्षा कमी! प्रस्ताव पहिल्यांदाच व्यवहार्य झाला होता.

इंजिन उतरवल्यावर मात्र मिस्त्रींनी दुसरं वाक्य काढलं. “उतरवलंच आहे तर...” या सहा अक्षरी ‘उतरवलंच’ला मी घाबरतो. उतरवलंच आहे तर माउंटिंग टाकून घेऊ, रबर फुटलंय. उतरवलंच आहे तर वॉटर पंप, पुन्हा त्यासाठी इंजिन खोलायचं का? थर्मोस्टॅट. होज पाइप. टायमिंग चेन तर करायलाच हवी. उतरवलंच आहे तर ते सगळे सेन्सर. एसीचा पट्टा. मागच्या बाजूला ऑइल सील गळतंय, ते तर पुन्हा दिसणारही नाही. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे स्वस्त आणि पूर्णपणे समर्थनीय होता. साडू दर दोन दिवसांनी “हो, घाला” म्हणत गेले आणि फाइल मात्र अडीच लाखांवरच ठेवली. वाढीव रकमेसाठी त्यांनी एक वेगळी वही केली. ती कपाटात चादरींखाली असते. ताईंना तिची जागा माहीत आहे, पण आपल्याला माहीत आहे हे त्यांनी अजून दाखवलेलं नाही.

गाडी तयार झाली. मिस्त्रींनी सेल मारला, इंजिन असं लागलं की टायरवर बसलेला पोऱ्यासुद्धा उठून उभा राहिला. धूर नाही, आवाज नाही. साडूंचे डोळे भरले. त्यांनी पैसे मोजून दिले, नारळ फोडला, आणि मग मिस्त्रींनी पुन्हा बॉनेटकडे बघत, बोटं पुसत सांगितलं की इंजिन नवं बांधलंय, रिंगा बसायला हव्यात. पहिले १,५०० किलोमीटर एकसारख्या वेगाने नाही, जोर लावून नाही, पण चालवलीच पाहिजे. जागेवर सुरू ठेवून चालणार नाही. आणि फार दिवस लावू नका.

साडूंनी मनातल्या मनात भागाकार केला असावा, कारण ते पुन्हा बसले. वर्षाला चारशे. रिंगा बसायला पावणेचार वर्षं.

रात्री नकाशा उघडला. नाशिक, कोल्हापूर, गोवा, सगळं कमी पडत होतं. ताई शेंगा सोलत होत्या, मध्येच चष्मा लावून त्यांनी बोट खाली सरकवलं. पुणे ते कन्याकुमारी साधारण दीड हजार.

“जाऊ या,” ताई म्हणाल्या. साडू चकित झाले. गेल्या कित्येक महिन्यांत या गाडीबद्दल ताईंनी दिलेला हा पहिला होकार. “खरंच?”

“खरंच. तिकडून पुण्याला थेट रेल्वे आहे, येताना मी स्लीपरने येईन.”

“आणि मी?”

“तुम्ही गाडीसोबत राहा. तिथे पार्किंग असेल.”